आश्रुबाच्या नळातला बोळा

चुडाव्याच्या ठेसनावर इंजिनाला पाणी पाजायचं काम आश्रुबाकडे होतं, आणि हे काम निजामाच्या अख्ख्या राज्यात आपल्यासारखं दुसरं कुणी करू शकत नाही अशी त्याची पक्की समजूत होती. उंच लोखंडी टाकी, तिच्यातून निघालेली मांडीएवढी नळी आणि नळीच्या शेंड्याला लोंबणारी कातडी सोंड. गाडी येऊन उभी राहिली की आश्रुबा सोंड इंजिनाच्या पाठीमागच्या हौदात सोडायचा, चाक फिरवायचा आणि चार मिनिटांत हौद तुडुंब. पाणी असं आदळायचं की पहिल्या डब्यातली माणसं दचकून जागी व्हायची. मग तो चाक बंद करायचा, कमरेची हिरवी झेंडी काढायचा आणि ड्रायव्हरला दाखवायचा. पाणीवाल्यानं झेंडी दाखवावी असा रेल्वेचा कायदा नव्हता, ते काम गार्डाचं. पण आश्रुबा दाखवायचा, आणि स्टेशनमास्तर दिनकरराव तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघायचे.

असा हा मातब्बर माणूस घरी मात्र पाण्यापायी रोज खाली मान घालायचा. खरं तर तशी काही गरज नव्हती. सगळा चुडावा चुलीवर हंडा तापवायचा, बादलीत विसण घालायचा, तांब्यानं भडाभडा अंगावर ओतायचा आणि मोकळा व्हायचा. पण जो माणूस दिवसातून चार इंजिनं न्हाऊ घालतो त्यानं तांब्यानं आंघोळ करावी हे आश्रुबाला पटेना. त्यानं नांदेडच्या तांबटाकडून तांब्याचा बंब आणला, भंगारातून अंगठ्याएवढी लोखंडी नळी जमवली आणि घरात नळ बसवला. चालता गरम पाण्याचा नळ. गावात लगेच त्याच्या घराला 'आश्रुबाचं ठेसन' असं नाव पडलं.

आता घोळ कुठं झाला ते सांगतो. बंब ठेवला परसात, कारण पुढच्या बाजूला कडब्याची गंजी होती आणि तिथं जाळ नको. न्हाणी मात्र त्याच्या वडिलांच्या वेळेपासून पुढच्या दाराशेजारी. मधे सगळं घर. नळी सरळ न्यायची तर ती देवघराच्या भिंतीतून जाणार होती, आणि त्या भिंतीपुढे त्याची बायको बायनाबाई येऊन उभी राहिली. मोरीचं पाणी देवाच्या भिंतीतून न्यायचं असेल तर आधी मला उचलून बाहेर ठेवा, असं तिनं सांगितलं. बायनाबाई सहजासहजी उचलण्यासारखी नव्हती. तेव्हा नळी देवघराला वळसा घालून गेली. पुढे जातं आलं, त्याला वळसा. तुळस आली, तिला दोन हात लांबून वळसा, कारण तिलाही मोरीचं पाणी चालत नाही. मग बैलाची दावण, मग कडब्याची गंजी. एकूण सात वळणं झाली. रुळाला वळण असलं तरी गाडी जाते, मग पाणी का जाणार नाही, असा आश्रुबाचा हिशेब होता.

पाणी जायचं, नाही असं नाही. मागं बंबात दोन घागरी पाणी खदखदा उकळत असायचं आणि पुढे न्हाणीत सुतळीएवढी धार पडायची, तीही कोमट. अंगाला साबण लावला तर तो अंगावरच वाळायचा. आश्रुबा स्वतः अर्धा तास आधी उठून न्हाणीत जाऊन बसायचा आणि बाहेर आल्यावर आंघोळ कशी झकास झाली ते सगळ्यांना सांगायचा. बायनाबाई चुलीवर हंडा तापवून गुपचूप आपली आंघोळ उरकून घ्यायची.

या कारभारात मनापासून आनंद होता तो एकटीला, त्यांच्या लेकीला, कस्तुराला. बंबाजवळून न्हाणीचं दार दिसायचं नाही, पण घराच्या कोपऱ्यावरून न्हाणीची बाहेरची भिंत आणि तिच्यातला झरोका तेवढा दिसायचा. म्हणून आश्रुबानं कस्तुराला त्या झरोक्याशी उभं केलं होतं. हातात दोन झेंड्या. आत बसलेल्याला पाणी पाहिजे असलं की हिरवी, पुरे झालं की लाल. आश्रुबा बंबाशी उभा राहून तोटी फिरवायचा. कस्तुरा वयाच्या आठव्या वर्षापासून हे काम करत होती आणि एकदाही चुकीची झेंडी तिनं दाखवली नव्हती. पाठोपाठ चार लेकरं गेल्यावर राहिलेली ही एकच पोर. आश्रुबाचा तिच्यावर फार जीव होता. ती लग्न होऊन सेलूकडच्या वालूरला गेली तेव्हा त्यानं दोन दिवस बंब पेटवला नाही.

तेराशे अठ्ठेचाळीस फसली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीसची दिवाळी आली. कस्तुराचा नवरा उद्धव पहिल्या दिवाळसणाला आला. बायनाबाईनं पहाटेच हंडा तापत ठेवला होता, पण आश्रुबा न्हाणीच्या दारात आडवा उभा राहिला. आपल्या घरी जावई येतो आणि त्याच्यावर तांब्यानं पाणी ओततात, हे होणे नाही. उद्धवला उटणं लावून पाटावर बसवलं, कस्तुरा झेंड्या घेऊन झरोक्याशी उभी राहिली आणि आश्रुबानं तोटी सोडली. तांबडं फुटलं, दिवस उगवला, शेजारपाजारच्यांचा फराळ होऊन गेला, बैल पाणी पिऊन आले, तरी जावई आतच. बायनाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी एकदाचा उद्धव बाहेर आला, आणि नवल म्हणजे हसत आला. आंघोळ लय छान झाली, मामा, असं म्हणाला. जावई सुस्वभावी आहे, मन राखतो, असं सगळे धरून चालले.

पण वालूरला त्याची आई होती. तानुबाई तिचं नाव. एकोणीस माणसांचं घर ती नुसत्या डोळ्यांच्या धाकावर चालवायची. लेक घरी आला आणि तिनं त्याचा कान बघितला. कानामागं उटणं तसंच वाळून बसलेलं. तिनं नखानं ते खरवडून काढलं आणि वालूरच्या आठवडी बाजारात सांगितलं की माझ्या लेकराला चुडाव्याला चमच्यानं आंघोळ घातली. ज्यांच्याकडे जावयाला न्हायला पाणी मिळत नाही त्यांच्याकडे सून कशाला पाठवायची, असं म्हणून तिनं कस्तुराचं माहेर बंद करून टाकलं. संक्रांतीला नाही, शिमग्याला नाही, मावसबहिणीच्या लग्नालाही नाही.

नऊ महिने गेले. आश्रुबा सेलूकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला पाणी भरताना बायकांच्या डब्याकडे बघत राहायचा. दोनदा हौद वाहून प्लॅटफॉर्मवर तळं झालं. दिनकररावांनी कारण विचारलं नाही, कारण त्यांना ते माहीत होतं. घरी परतल्यावर आश्रुबा न्हाणीच्या झरोक्याकडे पाठ करून बसायचा. पोरीची आठवण येते असं तो एकदाही बोलला नाही, पण झेंड्या मात्र त्यानं धुऊन, घडी करून देवघराच्या फळीवर ठेवल्या होत्या.

त्या साली श्रावण दोन आले. पहिला अधिकाचा, म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला न्हाऊ घालायचं, पुरणाचे धोंडे करून खाऊ घालायचे आणि तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं. दुसऱ्या श्रावणात पंचमी, लेकींचा सण, झोक्यांचा. आश्रुबानं भीत भीत बोलावणं धाडलं. उत्तर आलं ते दिनकररावांनी वाचून दाखवलं. अक्षर उद्धवचं असलं तरी शब्द सगळे तानुबाईचे होते. 'धोंड्याला येतो. मी स्वतः येणार. लेकरू एका आंघोळीत स्वच्छ निघालं तर सून पंचमी होईपर्यंत तुमच्याकडं राहील. न्हाई निघालं तर त्याच दिवशीच्या गाडीनं आमच्यासंगं परत.'

बायनाबाईनं एका वाक्यात वाट सांगितली. त्या दिवशी हंड्यानं पाणी घाला आणि नळाचं नाव काढू नका. आश्रुबा म्हणाला, तसं केलं तर इहीणबाई म्हणतील की यांचा नळ खोटाच होता. बायनाबाई म्हणाली, खोटाच आहे. मग दोघं दोन दिवस बोलले नाहीत.

आश्रुबानं स्वतःच्या बुद्धीनं उपाय सुरू केले. ठेसनावरची टाकी उंच आहे म्हणून पाणी आदळतं, हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा त्यानं बंबाखाली विटा रचल्या. गुडघ्याएवढा ओटा झाला, धार तशीच. छातीएवढा झाला, धार किंचित जाड झाली, पण बंबात लाकडं घालायला पाटावर उभं राहावं लागायला लागलं. मग त्यानं शेवटचं पाऊल उचललं आणि बंब थेट धाब्यावर चढवला. चार माणसं लागली. वर मातीचं माळवद, त्यावर बंब, बंबावर भुरभुर पाऊस, पावसात बंब विझू नये म्हणून छत्री धरून उभा आश्रुबा. गावानं लांबून बघितलं तर आश्रुबाच्या घरातून धूर निघतोय आणि तो स्वतः छतावर अडकून पडलाय. माणसं घागरी घेऊन धावली. कुणी शिडी लावली, कुणी ओरडून त्याला उडी मारायला सांगितलं. आश्रुबा वरून आग नाही म्हणून सांगत होता, पण असं आगीत सापडलेला प्रत्येकजण म्हणतो असं लोकांना वाटलं असावं. सोळा घागरी पाणी ओतून गावानं बंब विझवला आणि आश्रुबाला वाचवलं. माळवद आठ ठिकाणी गळायला लागलं.

संध्याकाळी दिनकरराव चौकशीला आले. ते शांत स्वभावाचे, चष्म्यावरून बघणारे गृहस्थ होते. त्यांनी बंब बघितला, मग नळीला हात लावून हळूहळू चालत निघाले. देवघर, जातं, तुळस, दावण, गंजी असं करत घराला पाऊण प्रदक्षिणा घालून ते न्हाणीपाशी पोचले. मग त्यांनी आश्रुबाला विचारलं, की ठेसनावर टाकी आणि इंजिन यांच्यात किती अंतर आहे. आश्रुबा म्हणाला, दहा हात. वळणं किती? एक. नळी केवढी? मांडीएवढी.

"मग घरी पाण्याला ही प्रदक्षिणा कशाला घालायला लावलीस?" दिनकरराव म्हणाले. "बिचारं थकून येतं."

देवघर हलवावं का, असं आश्रुबानं विचारलं. बायनाबाई आतून म्हणाली, धोंड्याच्या महिन्यात देव हलवत नाहीत. दिनकरराव म्हणाले, देव कशाला, न्हाणी हलव. मोरीला मुहूर्त लागत नाही.

एवढी साधी गोष्ट आश्रुबाला दहा वर्षांत सुचली नव्हती याचं कारण असं, की न्हाणी वडिलांनी जिथं बांधली तिथंच असते असं त्याला वाटायचं. त्यानं तीन दिवसांत परसात, बंबाच्या भिंतीला लागून, नवी न्हाणी बांधली. जुन्या न्हाणीचा झरोका तेवढा काढून नव्या भिंतीत बसवला. दिनकररावांनी वर लिहून, मंजुरी मागवून, टाकीखाली पडलेला निकामी नळीचा हातभर तुकडा त्याला मिळवून दिला. मनगटाहून जाड. बंब छातीएवढ्या ओट्यावर, बंबाला नवी रुंद तोटी, भिंतीतून सरळ नळी, खाली पाट. आश्रुबानं तोटी फिरवली. पाणी आलं नाही, कोसळलं. खाली ठेवलेलं घंगाळ फिरत फिरत जाऊन भिंतीला आपटलं. आश्रुबाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

धोंड्याचा महिना उतरायला आठवडा राहिला होता तेव्हा तिघं सकाळच्या गाडीनं उतरली. पुढं तानुबाई, मागं उद्धव, त्यामागं पदर घेतलेली कस्तुरा. आश्रुबा इंजिनाला पाणी भरत होता. पोरीला बघून त्याच्या हातून चाक फिरायचं राहिलं आणि हौद तिसऱ्यांदा वाहिला. कस्तुरानं पदराआडून बोटानं खूण केली, बंद करा म्हणून, तेव्हा कुठं तो भानावर आला.

निम्मा गाव आश्रुबाच्या परसात जमला होता. दिनकररावही दोन गाड्यांच्या मधल्या वेळात येऊन खाटेवर बसले. तानुबाईनं न्हाणी आतून बघितली, नळीत डोळा घालून बघितलं आणि जाहीर केलं की आधी मीच न्हाते, लेकराचं नंतर बघू. आश्रुबानं बंब अंगाला सोसेल एवढाच तापवला होता. बायनाबाईनं तरी आत बादलीत विसण ठेवलं, तानुबाईनं दार लावलं आणि आश्रुबानं हात जोडून तोटी सोडली.

आतून पहिला आवाज आला तो, कोण ढकलायलंय, असा. मग पाण्याच्या धबधब्याशिवाय काही ऐकू येईना. मोरीतून बाहेरच्या नालीला असा लोंढा आला की नालीत बसलेली कोंबडी ओरडत निघून गेली. थोड्या वेळानं दार उघडलं. तानुबाईचा अंबाडा सुटलेला, चेहरा लालबुंद, आणि तोंडातून शब्द नाही. ती गेली आणि ओसरीवर खांबाला टेकून बसली. तानुबाई गप्प बसलेली उद्धवनं जन्मात बघितली नव्हती. आश्रुबानं दिनकररावांकडे बघितलं आणि दिनकररावांनी चष्मा पुसला.

आता जावयाची पाळी. उद्धवला तेल लावलं, उटणं लावलं. कस्तुरा स्वयंपाकघरात धोंड्यांत पुरण भरत होती. उद्धवनं न्हाणीत जाताना झरोक्याकडे बघितलं, आत गेला, पाणी कोसळलं आणि पन्नास आकडे म्हणायच्या आत तो धुऊन निघाला. लोकांनी माना डोलावल्या. आश्रुबाची छाती फुगली. आणि उद्धव दारातच उभा राहून म्हणाला, की अजून जरा बुळबुळीत वाटायलंय, परत एकदा जातो.

तो परत गेला. परत कोसळलं. परत बाहेर आला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, पाठ राहिली.

ओसरीवरून तानुबाईचा आवाज आला. एका आंघोळीत म्हणाले होते, ह्या दोन झाल्या, असं तिनं बोटं दाखवून सांगितलं. असलं पाणी, आणि माणूस स्वच्छ होत नाही? तो हात जोडून म्हणाला, की इहीणबाई, नवीन इंजिन लायनीवर आणायच्या आदी दोन फेऱ्या नुसत्या तपासायच्या असतात, त्या मोजत नाहीत. हा कायदा त्यानं जागेवरच तयार केला होता. दिनकररावांनी, रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसानं, मान हलवून साक्ष दिली. तानुबाईला का कोण जाणे, वाद घालायचा कंटाळा आलेला दिसला. तिचे डोळे जड झाले होते. "बरं. पण तिसरी शेवटची," ती म्हणाली. "त्याच्यावर काय बोलणं न्हाई. पोरीचं गाठोडं अजून सोडलेलं न्हाई, ध्यानात ठिवा." आणि खांबाला टेकल्या टेकल्या तिनं डोळे मिटले.

आश्रुबा उद्धवला बाजूला घेऊन गेला. गयावया करून विचारलं, की पाव्हणं, कुठं कमी पडतंय ते तरी सांगा. धार वाढवू? उद्धव घाबरून नको म्हणाला. तो खाली बघत पंच्याचं टोक पिळत राहिला. मग कसंबसं बोलला.

"मामा, पाणी लय चांगलं हाय. पण मागल्या खेपेचं बरं होतं."

आश्रुबाला वाटलं, जावई थट्टा करतोय. त्याला खूप लागलं. उद्धवनं आणखी खाली मान घातली आणि विचारलं, "औंदा झेंडी दाखवायला कुणी न्हाई का?"

आश्रुबानं सांगितलं, की आता झेंडी कशाला, बंब भिंतीपलीकडंच आहे. असं म्हणून तो पुन्हा नळीच्या रुंदीकडे वळला. इंजिनाच्या पोटातलं पाणी किती आहे ते आवाजावरून ओळखणारा हा माणूस, पण समोरच्या माणसाच्या पोटातलं त्याला कधी ओळखू आलं नाही. शेजारी बायनाबाई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, हसू दाबलं आणि नवऱ्याला दंडाला धरून दावणीपाशी नेलं.

"आवो, त्या घरात एकोणीस माणसं. सासूपुढं नवऱ्याशी बोलायची सोय न्हाई, दिवसा तोंड बघायची सोय न्हाई. ह्या दोघांनी एकमेकांशी पोटभर बोलून घेतलं ते कवा? दिवाळीला, तुमच्या त्या सुतळीएवढ्या धारेत. पोरगी झरोक्याशी, हे आत पाटावर. मी सवता ऐकलं, हसायले होते दोघं."

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तुमी बंबाशी भांडायले होता."

आश्रुबा दावणीच्या दगडावर बसला. त्याला दिवाळीच्या पहाटेपासूनचं सगळं आठवलं. हसत बाहेर आलेला जावई, लांबलेल्या हिरव्या झेंड्या, कितीतरी वेळ न दिसलेली लाल. त्यानं परसात जमलेल्या गावाकडे बघितलं, खाटेवरच्या दिनकररावांकडे बघितलं, आपल्या मनगटाएवढ्या नळीकडे बघितलं. उभ्या आयुष्यात असं पाणी त्याच्या घरात पहिल्यांदा आलं होतं, तेही सगळ्या गावादेखत. आणि ही शेवटची आंघोळ होती. धार बारीक केली आणि कानामागं उटणं राहिलं, तर कस्तुरा दुपारच्या गाडीनं परत.

तो उठला. देवघरात गेला, फळीवरच्या दोन झेंड्या काढल्या. लाल झेंडीचा कपडा काठीपासून सोडवला, त्याचा घट्ट बोळा केला, न्हाणीत जाऊन नळीच्या तोंडात अंगठ्यानं दाबून बसवला. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यानं हिरवी झेंडी पिठानं माखलेल्या हातांत दिली.

"कस्तुरा, झरोक्याशी उभी राहा. धार नीट यायली का बघ. आन् कानामागं धुवायला सांग त्यास्नी. बाकी घाई न्हाई."

कस्तुरा लाजली, पण झेंडी घेऊन अशी निघाली की चुलीवरचे धोंडे बायनाबाईलाच बघावे लागले.

उद्धव तिसऱ्यांदा आत गेला. नालीला मघाचा लोंढा आला नाही, एक बारीक ओघळ आला. लोक थोडा वेळ थांबले. मग कुणीतरी म्हणालं, आश्रुबा, पाणी आटलं का रे? आश्रुबा म्हणाला, आटलं. दोन बाया हसल्या. म्हातारा पाटील म्हणाला, मला वाटलंच होतं, दोन आंघोळींचाच दम होता. आश्रुबा म्हणाला, व्हय, तेवढाच दम होता. त्याच्या तोंडून असलं कबूल झालेलं गावानं पहिल्यांदाच ऐकलं. हळूहळू सगळे पांगले. दिनकररावांना दुपारची गाडी होती. ते उठता उठता नळीकडे वाकून काही बघायला लागले, तेव्हा आश्रुबा मधे आला आणि म्हणाला, राहू द्या साहेब, जुनी नळी हाय, थकली आसंल. दिनकररावांनी झरोक्याकडे बघितलं. तिथं एक पोरगी भिंतीला गाल लावून उभी होती आणि तिच्या हातातली हिरवी झेंडी खाली लोंबत होती. ते तसेच ठेसनाकडे गेले.

आश्रुबा मुद्दाम लांब, बैलापाशी जाऊन बसला. तिथून बोलणं ऐकू येत नव्हतं. अधूनमधून हसणं तेवढं यायचं. बंबात तो वेळोवेळी घागर ओतून, लाकूड सारून यायचा आणि पाय न वाजवता परत जायचा. ओसरीवर तानुबाई घोरत होती. वालूरच्या त्या घरात पहिल्यांदा उठायचं आणि शेवटी झोपायचं असं तीस वर्षं चाललेलं, त्यात अंगावर एवढं गरम पाणी पडलेलं. बायनाबाईनं तिच्या पायांवर घोंगडं टाकलं.

दुपारची गाडी शिट्टी देऊन निघून गेली तेव्हा तानुबाईला जाग आली. तिनं दचकून विचारलं, निघाला का? तेवढ्यात न्हाणीचं दार उघडलं आणि उद्धव बाहेर आला, लखलखीत. कस्तुरा स्वयंपाकघरात कधी पोचली ते कुणाला कळलं नाही. तानुबाईनं लेकाला खाली बसवलं. डावा कान वाकवून बघितला, उजवा वाकवून बघितला, मान बघितली, पदराचं टोक ओलं करून कानामागं घासून बघितलं. पदर स्वच्छ.

तानुबाईनं पदर झटकून खोचला. मग आपला गुडघा चोळत म्हणाली,

"पोरगी राहू द्या पंचमीपस्तोर. आन् इवाई, मी बी राहते. ह्या गुडघ्याला असलं पाणी कुणी घातलं न्हाई आजपस्तोर."

असे बारा दिवस गेले. उद्धव धोंड्याचं वाण घेऊन दुसऱ्या दिवशी परतला. रोज सकाळी आश्रुबा नळीतला बोळा काढायचा, तानुबाईच्या गुडघ्यांवर पाणी कोसळायचं आणि ती ओसरीवर दुपारपर्यंत झोपायची. त्या वेळात कस्तुरा लिंबाच्या झोक्यावर असायची. पंचमी झाली, उद्धव न्यायला आला, आणि त्या सकाळी बोळा परत नळीत गेला.

पुढं हे दर वर्षीचं होऊन बसलं. आश्रुबा नोकरीवरून उतरला, राज्य बदललं, तरी पंचमीला कस्तुरा यायची आणि तिला न्यायला उद्धव. गाव मात्र शेवटपर्यंत हसत राहिलं, की इंजिनाला चार मिनिटांत भरणाऱ्या माणसाच्या घरी जावयाला न्हायला पाऊण तास लागतो. आश्रुबा कुणालाही उलट बोलला नाही. जावई यायच्या दिवशी तो सकाळीच न्हाणीत जायचा, तो लाल चिंधीचा बोळा अंगठ्यानं दाबून बसवायचा, तोटी सोडायचा आणि धार सुतळीपेक्षा जाड तर येत नाही ना, ते नीट बघून घ्यायचा.